तो वयात आलाय, त्यालाच विचारा

मी स्पेशल एज्युकेशन, म्हणजे अपंग मुलांना शिकवायचं शिक्षण, घेतेय असं सांगितलं की समोरच्याचा आवाज लगेच मऊ होतो. वसईच्या मावशीने तर फोनवर सरळ सांगितलं, तू लग्न करायच्या ऐवजी सिस्टरच, म्हणजे ननच, व्हायला हवं होतंस. म्हापशाला आमच्या शेजारच्या काकी म्हणतात पुण्य लागेल गो तुला. दोघी प्रेमाने बोलतात, दोघींनी माझ्यावर रागावू नये, पण मला खरंच पुण्य-बिण्य नकोय, मी फी भरलीय, रात्री एकपर्यंत जागून असाइनमेंट लिहिते, पास झाले की रिहॅबिलिटेशन कौन्सिलकडे नोंदणी करून सीआरआर नंबर, म्हणजे स्पेशल टीचरचा नोंदणी क्रमांक, घेणार आणि मग शाळेकडे व्यवस्थित पगार मागणार. गणिताच्या टीचरला कोणी पुण्य लागेल म्हणतं का?

पण मी हे ख्रिस्ती म्हणून शिकतेय हेही खोटं नाही. तेच जरा नीट लिहायचंय, कारण चर्चमध्ये बोलले तर कॉलेजवाली होते आणि कॉलेजमध्ये बोलले तर चर्चवाली.

आमच्या अभ्यासात इतिहासाचा एक पेपर असतो, सगळ्यात कंटाळवाणा समजला जातो, पण मला तो आवडला. आपल्याकडच्या अपंग मुलांच्या पहिल्या पहिल्या शाळा बघितल्या तर बहुतेक मिशनरींच्या आहेत. मुंबईत १८८५ला मूकबधिर मुलांसाठी शाळा काढली ती बिशप लिओ म्यूरिन यांनी. १८८७ला अमृतसरला अंध मुलांसाठी अॅनी शार्प. १९००च्या सुमाराला मुंबईत अॅना मिलार्ड, त्यांचीच शाळा पुढे दादरची अंधशाळा झाली. आणि आपल्या पंडिता रमाबाई, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अंध मुलींसाठी वेगळं सदन होतं, त्याचं नाव बायबलमधल्या बार्तीमय या आंधळ्या भिकाऱ्यावरून ठेवलेलं, आणि रमाबाईंची मुलगी मनोरमा ब्रेल शिकून आली आणि तिने तिथल्या मुलींना शिकवलं. हे वाचताना छाती थोडी फुगते, का नाही फुगणार. पण त्याच युनिटमध्ये पुढे कायद्याचा भाग येतो आणि तिथे चित्र बदलतं. १९९५चा अपंगांच्या हक्कांचा कायदा काही कुणा बिशपने आणला नाही. त्या डिसेंबरात दिल्लीत व्हीलचेअरवर बसलेले जावेद अबिदी आणि त्यांच्यासोबतचे लोक रस्त्यावर उतरले म्हणून ते बिल संसदेत पास झालं. पुढे २००१च्या जनगणनेत अपंगांची वेगळी मोजणी झाली त्यामागेही अबिदींचाच पाठपुरावा होता. म्हणजे शाळा काढली दयाळू लोकांनी, हक्क मिळवले ते ज्यांचे होते त्यांनीच. मला वाटतं ख्रिस्ती माणसाने या दोन वाक्यांच्या मध्ये थोडा वेळ बसून विचार करावा, मी तरी करते.

तर एकदा कॅन्टीनमध्ये माझी डिचोलीची मैत्रीण, तिचे वडील कीर्तनकार, तिला पुराणं तोंडपाठ आणि आमचं बायबलही तिने माझ्याकडून घेऊन बऱ्यापैकी वाचलंय, तिने पाव भाजी खाता खाता मला विचारलं, "काय गो, तुमच्या बायबलात अपंग माणूस अपंग राहतोच कुठे? येशू आला की आंधळा बघायला लागतो, लंगडा उठून चालायला लागतो. आपल्या वर्गातल्या पोरांचं काय मग? ती तर बरी व्हायची नाहीत. ती तुमच्या गोष्टीत कुठे बसतात?"

खोटं कशाला बोलू, मला चटकन उत्तर सुचलं नाही. प्रश्न एकदम बरोबर आहे. कारण प्रार्थनासभेत नेमकं हेच होतं, डाउन सिंड्रोमचं पोर घेऊन आई येते आणि कोणीतरी डोक्यावर हात ठेवून मोठ्या आवाजात बरं व्हायची प्रार्थना सुरू करतं, आणि ते पोर बरं होण्यासारखं आजारीच नसतं मुळात! आई बिचारी मान खाली घालून उभी.

मग मी शोधायला लागले. राजा दावीदाच्या गोष्टीत मफीबोशेथ आहे, दावीदाचा मित्र योनाथान याचा मुलगा, दोन्ही पायांनी लंगडा. दावीद त्याला आजोबांची जमीन परत देतो आणि रोज आपल्या पंक्तीला जेवायला बसवतो. त्या अध्यायाचं शेवटचं वाक्य काय आहे, तर तो राजाच्या पंक्तीला जेवत असे, आणि तो दोन्ही पायांनी लंगडा होता. संपलं. बरा वगैरे झाला नाही. जमीन मिळाली, ताटाला जागा मिळाली, पाय तसेच. याकोब देवाशी झुंजला आणि लंगडत चालला. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे कसलातरी त्रास, काढ म्हणून देवाला तीनदा विनवणी केली, काटा राहिलाच. आणि पुनरुत्थान झालेल्या येशूच्या हातांच्या आणि कुशीतल्या जखमा भरून आल्या नव्हत्या, थोमा या शिष्याला त्याने त्याच दाखवल्या. नॅन्सी आइसलँड नावाच्या अमेरिकन बाई होत्या, स्वतः जन्मापासून हाडांच्या दुखण्याने अपंग, त्यांनी १९९४मध्ये याच जखमांवरून पूर्ण मांडणी केली की परिपूर्ण देह म्हणजे धडधाकट देह हे आपणच ठरवून टाकलंय. हे मैत्रिणीला सांगितलं, तर म्हणाली "हां, हे बरं आहे," आणि माझ्या ताटातला पाव उचलला.

पण मला सगळ्यात जास्त धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय, आणि त्यात तर माणूस बराच होतो! तरी सांगते. जन्मापासून आंधळा माणूस रस्त्याकडेला बसलाय. शिष्य विचारतात, गुरुजी, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापाने? आता बघा, तो आंधळा होता, बहिरा नव्हता. हे सगळं त्याच्या कानावर पडत होतं. आमच्याकडे मुलाला असेसमेंटला आणतात तेव्हा अगदी हेच होतं, मूल मध्ये बसलेलं आणि वरून चर्चा, गरोदरपणात काही झालं होतं का, घराण्यात कोणी आहे का, याला टॉयलेट कळतं का. मूल ऐकतंय, बोलता येत नाही म्हणजे ऐकू येत नाही असं थोडंच.

येशू म्हणतो, याने पण नाही आणि याच्या आईबापाने पण नाही. ही दोन वाक्यं मी प्रत्येक सासूला फ्रेम करून द्यायला तयार आहे, कारण आमच्या वर्गातल्या निम्म्या आयांनी कधी ना कधी ऐकलंय की हे तुझ्याच पोटातून आलं, मग ती हिंदू असो की किरिस्तांव, त्यात काही फरक नाही.

पण गंमत पुढे आहे. त्याला दिसायला लागतं आणि गावात चौकशी सुरू होते. शेजारी म्हणतात हा तो नव्हेच. तो म्हणतो अहो मीच तो. परूशी म्हणजे तिथले शास्त्रीपंडित, ते त्याला बोलावतात, पटत नाही, मग त्याच्या आईबापांना बोलावतात. आईबाप घाबरलेले, सभास्थानातून बाहेर काढतील ही भीती, ते म्हणतात, तो वयात आलाय, त्यालाच विचारा, तो स्वतःबद्दल बोलेल. घाबरून का होईना पण काय वाक्य बोलून गेले! पुन्हा त्याला बोलावतात, पुन्हा तेच प्रश्न, आणि तो, जन्मभर भीक मागितलेला माणूस, म्हणतो की मी मघाशीच सांगितलं तेव्हा ऐकलं नाहीत, आता परत कशाला ऐकायचंय, तुम्हालाही त्याचे चेले व्हायचंय की काय? मी पहिल्यांदा हे अॅडव्होकसीच्या, म्हणजे हक्कासाठी बोलण्याच्या, चश्म्यातून वाचलं तेव्हा मोठ्याने हसले. त्यांचा शेवटचा जवाब काय, तर तू पापात जन्मलेला, तू आम्हाला शिकवतोस? आणि हाकलून देतात. येशूला हे कळतं आणि तो त्याला शोधत जातो.

तर आता बाबूश. खरं नाव वेगळं आहे, पण गोव्यात अर्धे मुलगे घरी बाबूशच असतात म्हणून चालून जाईल. मी ज्या शाळेत प्रॅक्टिस टीचिंगला जाते तिथला, ऑटिझम आहे, शब्द फार थोडे. आईची इच्छा की त्याचं फर्स्ट कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचा विधी, व्हावं, बरोबरीच्या मुलांचं झालं. ती फादरना भेटली, मलाही बरोबर नेलं. फादर वाईट माणूस नाही, हे आधीच सांगते. पण पहिलाच प्रश्न आला, "पण त्याला समजतं का?"

आई म्हणाली, "ताका सगळें कळटा फादर, फकत उलोवपाक येना." म्हणजे त्याला सगळं कळतं, फक्त बोलता येत नाही.

फादरनी बाबूशला विचारलं, इंग्लिशमधून, हे काय आहे बाळा सांग बघू. बाबूश पंख्याकडे बघत होता. झालं, परीक्षा संपली.

इथे मला आमची एफएसीपी चेकलिस्ट आठवली, मुलाला काय काय येतं ते तपासायची यादी. सिकंदराबादच्या संस्थेने बनवलेली आहे, विशेष मुलांच्या शाळांमध्ये सगळीकडे चालते. मुलाला एखादं काम येतं का याच्यासमोर नुसतं हो-नाही लिहायचं नसतं. स्वतःहून करतो, खुणेने करतो, सांगितलं की करतो, हात धरला की करतो, आणि अजून एक रकाना असतो, एनई, नो एक्सपोजर. म्हणजे मुलाला ते काम करायची संधीच कोणी दिलेली नाही, तेव्हा येत नाही असं लिहायचं नाही. आमच्या मॅडम या रकान्यावर फार कडक आहेत. कोणी घाईघाईत शून्य टाकला की वही परत. बाबूशच्या कम्युनियनच्या रकान्यात माझ्या मते एनई होतं. त्याला कॅटेकिझमच्या, म्हणजे चर्चमधल्या धर्मशिक्षणाच्या, वर्गात बसवलंच नव्हतं, का, तर ओरडतो.

मग आम्ही काम चालू केलं. अशा वेळी कामाचे तुकडे पाडायचे असतात, त्याला टास्क अॅनालिसिस म्हणतात. बाकातून उठणं, रांगेत उभं राहणं, पुढे सरकणं, हात एकावर एक धरणं, घेणं, तोंडात घालणं, गिळणं, परत बाकावर येणं. बाकी मुलांना हे आपोआप येतं असं आपल्याला वाटतं, येत नाही, ती एकमेकांचं बघून करतात. बाबूशची खरी अडचण निघाली ओस्तीची, म्हणजे कम्युनियनला देतात त्या भाकरीची! ती कोरडी पातळ चकती टाळूला चिकटते आणि त्याला तोंडात चिकटलेलं काहीही सहन होत नाही, पहिल्या वेळी थुंकून टाकली आणि कानांवर हात. म्हणून सिस्टरांकडून साध्या, आशीर्वाद न दिलेल्या ओस्त्या आणल्या आणि आधी चिमटीएवढा तुकडा, वर घोटभर पाणी, मग थोडा मोठा. शेवटची पायरी आधी शिकवायची, म्हणजे गिळून बाकावर येऊन बसणं, तिथे शाबासकी, मग एकेक पायरी मागे जायचं. अशाने मूल प्रत्येक वेळी काम पूर्ण करूनच उठतं. आणि फोटो काढले, त्याच्याच चर्चचे, दाराचा, बाकाचा, वेदीचा, कारण दुसऱ्या चर्चचा फोटो त्याच्यासाठी दुसरंच चर्च.

समजतं का याचं उत्तर पण त्यानेच दिलं. मी टेबलावर दोन फोटो ठेवले, एक घरच्या जेवणाच्या टेबलाचा आणि एक वेदीचा, आणि हातात आधी पोदेराचा पाव दिला. त्याने तो जेवणाच्या फोटोवर ठेवला, म्हणजे ठेवला काय, अर्धा खाल्ला आणि उरलेला ठेवला. मग ओस्ती दिली. ती त्याने वेदीच्या फोटोवर ठेवली, बोटांनी नीट मधोमध सरकवली आणि डोक्यावरची टोपी काढली. टोपी काढायला आम्ही कोणी शिकवलं नव्हतं, ते तो आजोबांचं बघून शिकला असणार.

मी फादरना तो व्हिडिओ दाखवला आणि थोडा गृहपाठही करून गेले होते. कॅनन म्हणजे कॅथलिक चर्चचा कायदा, त्याच्या ९१३व्या कलमात लहान मुलांसाठी तयारी सांगितलीय पण ती ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे असं स्पष्ट आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७मध्ये लिहिलंय की मतिमंद व्यक्तींना शक्य तितकं कम्युनियन मिळावं, ते त्यांच्या कुटुंबाच्या आणि सोबतच्या समाजाच्या श्रद्धेतही ते स्वीकारतात. अमेरिकेतल्या बिशपांच्या सूचनांमध्ये तर असंही आहे की साध्या अन्नात आणि यात फरक कळतो हे शब्दांतूनच दाखवायला पाहिजे असं नाही, हावभावातून, शांत राहण्यातूनही चालतं. फादर हे वाचून बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले ठीक आहे, पण मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, झाल्यावर वेगळं देऊ, गर्दीत नको.

आईने नको म्हटलं. मी काही बोलायच्या आतच. तिला पांढरा शर्ट-पँट शिवून घ्यायचा होता, बाकीच्यांबरोबर रांगेत उभं करायचं होतं, फोटो हवा होता. थोडी खेचाखेच झाली, शेवटी ठरलं ते असं की सगळ्यांबरोबर, पण बाजूच्या दाराजवळचा बाक, स्पीकरपासून लांब, कानाला आवाज अडवणारे हेडफोन, आणि ब्रास बँड बाहेर वाजायचा तो मिस्सा संपल्यावर पाच मिनिटांनी. हे सगळं फुकट झालं, एक पैसा खर्च आला नाही. झालं नीट. मध्ये एकदा ओरडला, पण खरं सांगू का, भाषण लांबलं की मलाही ओरडावंसं वाटतं.

माझं म्हणणं एवढंच की समजतं का ही परीक्षा फक्त याच मुलांची का घेतात. त्या दिवशी रांगेतल्या बाकी मुलांपैकी कितींना काय समजलं होतं? अर्ध्यांचं लक्ष केककडे. शाळेच्या अॅडमिशनला तेच, बँकेत तेच. २०१६च्या कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं आहेत, आधीच्या कायद्यात सात होती, आणि बेंचमार्क म्हणजे चाळीस टक्क्यांपासून पुढे अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा या वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यात कुठेही आधी समजूत सिद्ध कर असं लिहिलेलं नाही. शिकवणाऱ्यांबद्दल मात्र सुप्रीम कोर्टाने २०२१ला सांगितलंय, प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक स्पेशल टीचर, वर पंधरांमागे एक.

गोव्यात आपल्याला तसं बरंच बरं आहे असं मी म्हणेन. जुन्या गोव्याला कारितासची सेंट झेवियर्स अकॅडमी, पर्वरीला संजय स्कूल, फोंड्याला ढवळीत लोकविश्वास प्रतिष्ठान, म्हणजे चर्चचं, सरकारी आणि आपल्या मराठी माणसांच्या येण्याजाण्यातलं, तिन्ही प्रकार आहेत. जानेवारी २०२३ला पणजीत पहिलं पर्पल फेस्ट झालं तेव्हा मी नुसती बघायला गेले होते आणि कोर्सला नाव घालायचं तिथेच पक्कं झालं, कारण आयुष्यात पहिल्यांदा इतके अपंग लोक स्टेजवर माइक धरून स्वतः बोलताना बघितले, त्यांच्याविषयी दुसरं कोणी बोलत नव्हतं. एक योगायोग सांगते, ३ डिसेंबर हा आपल्याकडे गोंयच्या सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताचा दिवस आणि संयुक्त राष्ट्रांनी १९९२ला अपंग दिन म्हणून जाहीर केलेलाही तोच दिवस. सुट्टी असते म्हणून आमच्या शाळेत अपंग दिनाचा कार्यक्रम एखादा दिवस मागेपुढे ढकलतात. मला वाटतं उलट त्याच दिवशी करावा, जुन्या गोव्याला, मिस्सेतलं एक वाचन एखाद्या अंध मुलीने ब्रेलवरून करावं. आणि हो, पणजीच्या चर्चच्या पायऱ्या फोटोत फार सुंदर दिसतात, व्हीलचेअरवाल्याला विचारा कशा दिसतात ते.

संत बनवायची घाई मात्र नको, हे मी ज्यां व्हानिएकडून शिकले. फ्रान्समध्ये १९६४ला त्यांनी बौद्धिक अपंगत्व असलेल्या दोघांबरोबर एका घरात राहायला सुरुवात केली, त्यातून लार्श ही चळवळ जगभर गेली, बंगळूरचं आशा निकेतन त्यातलंच, १९७०चं. आमच्या पिढीचे ते हिरो. २०१९ला ते गेले आणि २०२०ला लार्शनेच स्वतः चौकशी करून छापलं की त्यांनी अध्यात्माच्या नावाखाली अनेक स्त्रियांचं लैंगिक शोषण केलं होतं, त्या स्त्रिया अपंग नव्हत्या, पण त्यांच्या शब्दाखाली होत्या. मला आठवडाभर काही सुचलं नाही. पण संस्थेने झाकून ठेवलं नाही हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. सेवेच्या जागी कोणावर देखरेख ठेवायला आपल्याला लाज वाटते, आणि धोका तिथेच असतो.

सध्या माझ्यासमोर नवीन प्रश्न आहे तो मोठ्या मुलांचा. व्होकेशनल सेक्शनमधल्या एका मुलाची आई, पेडण्याची, घरात मराठी, मला "बाई" म्हणते, ती गार्डियनशिपचे कागद घेऊन आली. मुलगा विशीचा, बौद्धिक अपंगत्व, त्याला पेपर बॅग बनवण्याचं महिन्याला थोडं मानधन मिळतं. नॅशनल ट्रस्टच्या कायद्याखाली कलेक्टरच्या कमिटीकडून पालकत्व मिळतं, अठरानंतर आईबाप आपोआप पालक राहत नाहीत हे पुष्कळांना माहीतच नसतं. पण २०१६चा कायदा म्हणतो की अपंग व्यक्तीला स्वतःचे पैसे स्वतः सांभाळायचा हक्क इतरांसारखाच आहे, आणि मदत लागलीच तर मर्यादित पालकत्व, दोघांनी मिळून ठरवायचं. बँकेतल्या माणसाला यातलं काही नको, त्याला एक शिक्का पाहिजे.

मी तिला म्हटलं आधी त्याला विचारूया. तिने माझ्याकडे असं बघितलं की बाईंना उन्हाचा त्रास झाला असावा. पण विचारलं. चित्रं लागली, नोटा टेबलावर मांडाव्या लागल्या, बराच वेळ गेला. त्याचं म्हणणं दोन गोष्टी: मानधन आईच्या नाही, त्याच्या स्वतःच्या हातात द्यायचं, आणि शनिवारी स्टँडजवळच्या गाड्यावर रोस आमलेट, एकट्याने.

"सगळे पैसे त्या गाड्यावर घालवील हो बाई!"

मग हिशोब मांडला. चार शनिवार, चार प्लेटी, उरलेले आईकडे ठेवायला त्याची हरकत नाही, पण वही त्याच्याकडे. बँकेचा अर्ज अजून अडकलाय, साहेब म्हणतात सही करता येते का, अंगठा नको. सही शिकवायचे तुकडे पाडायचं काम सोमवारपासून सुरू करतेय, कोणी जाड पेन्सिलचे ग्रिप म्हापशात कुठे मिळतात ते सांगितलं तर बरं होईल, पणजीला गेले की शनिवार जातो.